कपाशीच्या बोंडाचं भाकीत

अनंतरावांनी आयुष्यात एकच भाकीत केलं, तेही नॉस्त्रदामसच्या नावावर. कारगिलचं युद्ध सुरू होतं. दिग्रसच्या एका साप्ताहिकात चौथ्या पानावर ऐनवेळी आठ ओळींची जागा रिकामी राहिली, आणि उपसंपादक अनंतरावांनी त्या फ्रेंच ज्योतिष्याला वेठीला धरलं. 'पाव शतकानं युरोपात रण पेटेल. आभाळ कपाशीच्या बोंडासारखं उकलेल. समुद्रापार गेलेल्या लेकी पुन्हा उंबरठा पाहणार नाहीत.' चहा संपायच्या आत मजकूर तयार झाला. त्यांची स्वतःची लेक तेव्हा पाळण्यात होती. लोकांनी कात्रणं जपून ठेवली. छापून आलं की आपल्याकडे शेणाचाही प्रसाद होतो!

ती लेक म्हणजे भैरवी आता यवतमाळला नर्स होती. दोन वर्षं रात्रपाळ्या सांभाळून ती जर्मन भाषा शिकली, जर्मनीतल्या दवाखान्यात तिला नोकरी लागली आणि व्हिसाही हातात पडला. मंगळवारी नागपूरहून विमान होतं. शनिवारी शेजारच्या कांताबाईंनी तिच्या आईच्या, रत्नप्रभाबाईंच्या मोबाइलवर एक मेसेज ढकलला. 'बाबा वेंगाची थरारक भविष्यवाणी!' खाली लाल अक्षरांत तेच बोंड, त्याच लेकी. नॉस्त्रदामसच्या जागी बल्गेरियाची आंधळी म्हातारी आली होती, एवढाच काय तो फरक.

"पोरगी जाणार नाही," रत्नप्रभाबाईंनी निकाल दिला.

"अवं, हे मीच लिहिलं हाय!"

"तुमी? तुमाले उद्या नळ येईन का नाही, तेबी सांगता येत नाही."

"मंग बोंड पाह्य ना! त्या बुढीनं कपाशी कधी पाह्यली होती?"

"म्हणूनच तं जीव घाबरून राह्यला. तिनं आपल्याकडच्या लोकायसाठीच सांगतलं ते."

अनंतरावांनी कपाळावर हात मारला आणि पेटीतून तो पिवळा पडलेला अंक काढून बायकोपुढे टाकला. रत्नप्रभाबाईंनी दोनदा वाचलं. त्यांनी अंक खाली ठेवला, तसं अनंतरावांना वाटलं, सुटलो.

"युरोपात युद्ध झालं ना खरं?" रत्नप्रभाबाईंनी हळूच विचारलं.

"झालं. पण ते..."

"तुमच्या जिभेवर काळा तीळ हाय. सासूबाई सांगत, गावाले जाणारा माणूस तुमच्या तोंडून 'सुखरूप येशील' म्हणवून घेतल्याबिगर निघत नसे." त्यांनी नवऱ्याला हाताला धरून देव्हाऱ्यापुढे उभं केलं. "आता म्हणा. भैरवी सुखरूप वापस येईन, एवढंच म्हणा. मी सोता तिची बॅग भरतो."

भैरवी दारात उभी होती. असल्या गोष्टींना ती जन्मभर हसत आली होती. "म्हणून टाका ना, बाबा," ती म्हणाली. "आईचं समाधान होईन."

चार शब्दांचं काम होतं. उभी हयात रिकाम्या जागा खोट्यानं भरून काढणाऱ्या माणसाला ते काय जड? पण सकाळीच टीव्हीवर त्या युद्धात पडलेल्या इमारती पाहिल्या होत्या, आणि समोर अंकातल्या त्या आठ ओळी होत्या. त्यांना स्वतःची भयंकर शिसारी आली. आता लेकीच्या बाबतीत तरी थापा मारायच्या नाहीत.

"मले माहीत नाही," ते म्हणाले. "कोणालेच माहीत नसते."

अनंतराव आयुष्यात इतकं खरं कधी बोलले नव्हते. रत्नप्रभाबाईंनी अर्धवट भरलेल्या बॅगेतले स्वेटर बाहेर काढायला सुरुवात केली. अनंतराव लेकीकडे वळले, ती तरी हसेल म्हणून. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"तुमच्यानं म्हणवलं नाही, बाबा?" तिनं विचारलं.

"तसं नाही, बेटा. मी फक्त खरं..."

"समजलं मले."

मंगळवारचं विमान तिच्याशिवाय गेलं. बुधवारी ती पुन्हा यवतमाळला कामावर रुजू झाली. अनंतराव फोन करतात, ती उचलत नाही. आईला तेवढा 'ठीक आहे' असा मेसेज येतो. दिग्रस ते यवतमाळ एसटीनं दीड-दोन तासांचा रस्ता, मध्ये समुद्र नाही. तरी दिवाळी गेली, संक्रांत गेली, भैरवीनं काही उंबरठा पाहिला नाही.