रेग्युलेटरची नळी

बॉनेट उघडल्या उघडल्या मेकॅनिक मर्व ट्रँटरला ती दिसली. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब काळी रबरी नळी. एक टोक इंजिनाला धरून होतं आणि दुसरं रेग्युलेटरवरून निसटून लोंबत होतं. मर्वने ती अंगठ्याने दाबून जागेवर बसवली.

हे त्याने ठरवून केलं असं म्हणता येणार नाही. चाळीस वर्षं ज्या हाताला सुटलेली वस्तू जागेवर बसवायची सवय, त्या हाताने ते केलं. इथवर मर्वला माफ करता येईल. पण आपली बंद पडलेली वॅगन गाडी ओढून आणणाऱ्या ट्रकवाल्याला निरोप देऊन लॉरी पॅस्को त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "ब्रॉन म्हणते, आतली एक नळी सुटली होती. बघ बरं जरा." तेव्हा विचार करायला मर्वकडे भरपूर वेळ होता. त्याने वाकून इकडेतिकडे पाहिल्यासारखं केलं आणि सांगितलं, "सगळं जागच्या जागी आहे."

लॉरीचा चेहरा पडला. तो नुसता मान हलवत राहिला.

ब्रॉन म्हणजे ब्रॉनविन, लॉरीची एकुलती एक मुलगी, तेवीस वर्षांची. बेगा गावाजवळच्या पॅस्कोंच्या गोठ्यात एकशेचाळीस गाई होत्या, आणि लॉरीच्या गुडघ्यांनी आता रजा मागितली होती. या उन्हाळ्यानंतर गोठ्याचा कारभार ब्रॉनच्या हाती द्यायचा असं त्याने गावभर सांगून ठेवलं होतं. कुमाच्या जत्रेतल्या प्रदर्शनात दोन कालवडी एकटीने घेऊन जाणं ही त्याची सुरुवात. कालवडींचा ट्रेलर घेऊन वाटेतला ब्राऊन माउंटन चढायचा तर जुन्या सहा सिलिंडरच्या वॅगनला दम लागे, म्हणून लॉरीने मर्वकडून तिला टर्बो बसवून घेतला होता. ब्रॉन निघाली, आणि अर्ध्या चढणीवर इंजिन गेलं. मागून येणाऱ्या शेजाऱ्याने कालवडींचा ट्रेलर आपल्या गाडीला जोडून घरी परत आणला.

मर्व साध्या इंजिनातला देवमाणूस, पण टर्बोच्या बाबतीत नवशिका. अर्थात हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही. "सहा पौंड दाब तो काय, सायकलच्या चाकात याहून जास्त भरतात," असं तो लॉरीला हसून म्हणाला होता. आता टर्बो इंजिनात जादा हवा कोंबतो, तर तेवढं जादा पेट्रोलही द्यायला हवं. ते काम रेग्युलेटरचं. हवेचा दाब एक पौंड चढला की त्याने पेट्रोलचा दाब चार पौंड चढवायचा. आणि हवेचा दाब किती चढला हे त्याला कळतं ते त्या पेन्सिलीएवढ्या नळीतून. नळी सुटली तर रेग्युलेटर आपला निवांत बसून राहतो. आत हवा मावेनाशी, पेट्रोल बेताचं, आणि आग इतकी भडकते की पिस्टनला भोक पडतं.

साध्या इंजिनात ही नळी कुणी बांधत नाही. इंजिन हवा ओढतं आणि ती ओढच नळीला धरून ठेवते. मर्वने उभ्या आयुष्यात तिला कधी पट्टी लावली नव्हती, म्हणून याही वेळी नुसती खोचली. टर्बोचं इंजिन जोरात आलं की ओढत नाही, उलट ढकलतं, हे त्याला ठाऊक होतं. ठाऊक होतं, पण हाताला नव्हतं.

तरीही चूक पकडली गेली असती. पेट्रोलच्या दाबाचं मीटर लांब नळीने बाहेर काढायचं, समोरच्या काचेवर चिकटपट्टीने लावायचं आणि काट्यावर नजर ठेवून डोंगर चढायचा, हा रिवाज मर्वला माहीत होता, मीटरही फडताळात होतं. पण टर्बो बसवला त्या दुपारी क्लबात बोल्सची, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या खेळाची, अंतिम फेरी होती. मर्वने सपाट रस्त्यावर दोन मैल गाडी पळवली, टर्बोच्या हवेच्या दाबाचा काटा छान वर गेला, आणि तो क्लबात पोचला. संध्याकाळी लॉरीने विचारलं, "डोंगर चढवून आणलीस ना?" मर्व म्हणाला, "पार वरपर्यंत." तेव्हा ते खोटं अगदी किरकोळ वाटलं होतं. सामना मात्र तो हरला होता, ते वेगळंच.

वॅगन ओढून आणली त्याच्या दुसऱ्या दिवशी मर्वने इंजिन उघडलं. तिसऱ्या पिस्टनला अंगठा जाईल एवढं भोक. लॉरीने कारण विचारलं तेव्हा मर्वने हात पुसता पुसता सांगितलं, की चढणीवर कुणी अ‍ॅक्सिलरेटर पार खाली दाबून ठेवला तर असं होऊ शकतं. 'होऊ शकतं' या दोन शब्दांमागे लपून त्याने आपली मान सोडवून घेतली आणि पोरीची अडकवली.

ब्रॉनचं म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच होतं. खडी सांडल्यासारखा आवाज आला, तिने लगेच गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं, तर नळी लोंबत होती. लॉरीने तिला तीनदा विचारलं, तिन्ही वेळा तिने तेच सांगितलं. तिसऱ्या वेळी लॉरीने जेवणाचं ताट बाजूला सारलं आणि तो बाहेर निघून गेला.

पुढचे पंधरा दिवस मर्वला अन्न गोड लागलं नाही. कुणाच्याही गाडीचं बॉनेट उघडलं की त्याचे डोळे आधी त्या नळीकडे जात. गावात ब्रॉन समोरून आली तर तो रस्ता ओलांडून बँकेच्या दारात शिरायचा. आपल्याला लाज वाटते आहे हे त्याला कळत होतं, आणि लाज वाटते म्हणजे आपण अगदीच वाईट नाही, अशी तो स्वतःची समजूतही काढत होता. अशी समजूत फार तर दिवसभर पुरते.

सोळाव्या दिवशी, गुरुवारी, लॉरी गॅरेजमध्ये आला आणि जुन्या टायरवर बसला. गोठा शेजारच्याला चालवायला देतोय म्हणाला. ब्रॉन शनिवारच्या बसने शेपर्टनला चाललीय, तिथे कुणाच्या तरी गोठ्यावर नोकरी मिळालीय.

"इंजिनाचं सोड रे," लॉरी म्हणाला. "मी तिच्या वयाचा असताना ट्रॅक्टर नदीत घातला होता. चूक कुणाकडून होत नाही? पण तोंडावर खोटं बोलते, तेही तीन-तीनदा. तिच्या हाती गोठा कसा देऊ?" मग त्याने मर्वच्या खांद्यावर हात ठेवला. "तू सांगितलंस म्हणून बरं झालं. नाहीतर मी विश्वास ठेवला होता तिच्यावर."

खरं काय ते मर्वच्या ओठांवर आलं होतं. पण दारात टपालवाला उभा राहिला आणि मर्व पुन्हा मूग गिळून बसला. टपालवाल्याचे त्याने मनात आभार मानले, आणि ते मानताना त्याला स्वतःची किळस आली.

शनिवारी सकाळी पॅस्कोंच्या गोठ्यातल्या धारा आटोपल्यावर मर्व त्यांच्या अंगणात पोचला. व्हरांड्यात ब्रॉनची बॅग होती आणि ती बूट चढवत होती. लॉरी चहाचा मग घेऊन कठड्याशी उभा होता. मर्वने टोपी काढली. बसला असता तर त्याच्याने बोलवलं नसतं, म्हणून उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. नळी सुटली होती. मीच परत बसवली. तिला पट्टी लावली नव्हती. डोंगरावर गेलोच नव्हतो, बोल्स खेळत होतो. पोरीचा शब्दन् शब्द खरा होता.

 लॉरीने हातातला मग कठड्यावर ठेवला. मर्वला वाटलं, आता एक सणसणीत बसेल, आणि बसली तर बरं. पण लॉरी त्याच्याकडे वळलाच नाही.

"ब्रॉन," तो म्हणाला, "ऐकलंस ना? तुझं खरं होतं. बॅग आत ने."

ब्रॉनने बुटाची नाडी बांधून पूर्ण केली. "मी तेच सांगितलं होतं, डॅड."

"मला काय माहीत? मर्व म्हणाला..."

"मर्वकाका नाही म्हणाले, तेव्हा मी खोटी. आज ते हो म्हणाले, म्हणून मी खरी." तिचा आवाज चढलेला नव्हता. "मी काय म्हणते याचा यात कुठे संबंध आला?"

 आपण पोरीवरचा आळ पुसायला आलो होतो, आणि तिच्या शब्दापेक्षा आपला शब्द वजनदार आहे हेच पुन्हा एकदा सिद्ध केलं, हे मर्वला तिथे उभ्या उभ्या कळलं. त्याला वाटलं होतं, कबुली दिली की छातीवरचं ओझं उतरेल. ते तसूभर हललं नाही.

"मर्वकाका, बसपर्यंत सोडाल का?" ब्रॉनने बॅग उचलली. लॉरी दोन पायऱ्या उतरला, म्हणाला, थांब, मी येतो. ती म्हणाली, नको, गुडघा सांभाळ, पोचले की फोन करीन. तिने त्याच्या गालाला गाल लावला तेव्हा तो रडत होता.

गावापर्यंतच्या रस्त्यावर मर्वने चार वेळा माफी मागायला सुरुवात केली आणि चारही वेळा मधेच सोडली. शेवटी तीच बोलली.

"एक विचारू? तुम्ही ती नळी परत लावलीत आणि डॅडला सगळं ठीक आहे म्हणून सांगितलंत, तेव्हा माझा विचार आला होता का मनात?"

आला होता असं म्हणणं सोपं होतं. फार वाईट वाटलं पण धीर झाला नाही, असं काहीतरी म्हटलं असतं तर तिनेही ऐकून घेतलं असतं.

"नाही," मर्व म्हणाला. "तुझा विचारच आला नाही. माझं नाव खराब होईल एवढंच डोक्यात होतं."

गाडी गावात शिरली. बस उभीच होती. मर्वने बॅग उतरवून दिली, तेव्हा ती म्हणाली, "हे डॅडलाही असंच सांगा. अगदी असंच." आणि ती बसमध्ये चढली.

मर्वने गाडी वळवली आणि पुन्हा पॅस्कोंच्या रस्त्याला लावली.