गमतीच्या कोठीचा आवाज

गमतीची कोठी कोणत्या राजानं बांधली हे नागपूरच्या तांडापेठेत कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसल्यामुळे जो तो छातीठोक सांगायचा. हातभर जाडीच्या विटांच्या भिंती, खाली दगडी फरशी, वर खांबांवर तोललेलं गोल छत, एका टोकाला कमरेइतका ओटा. राजा तिथं बसून नाच बघायचा म्हणे. राजे गेले, नाचणाऱ्याही गेल्या, आणि पेठेतल्या कोष्ट्यांनी कोठी आपल्या दोन कामांसाठी धरली. दिवसा तिथं खळ दिलेल्या सुताच्या लड्या बांबूंवर वाळायच्या, कारण बाहेर टांगल्या तर बैलगाड्यांची सगळी धूळ ओल्या सुतावर बसायची. आणि सणावारी संध्याकाळी त्याच लड्यांखाली खडी गंमत व्हायची, म्हणजे इकडचा तमाशाच. एक शाहीर, एक डफ, एक तुणतुणं, लुगडं नेसलेला एक नाच्या, आणि समोर पोराबाळांसकट अख्खी पेठ.

शाहीर म्हणजे मारोतराव पराते. बावन्न वर्षांचा गडी, हाताला माग आणि ओठावर मिशी. स्वतःच्या गळ्याबद्दल त्याचं मत फार चांगलं होतं, आणि ते तो कोणापासून लपवून ठेवत नसे.

गमतीचा एक रिवाज होता. डफावर थाप पडण्याआधी शाहिरानं ओट्यावर उभं राहून अगदी हळू, शेजाऱ्याच्या कानात बोलावं तशा आवाजात विचारायचं, "मागं ऐकून राहिले का?" शेवटच्या रांगेतून "ऐकून राहिलो गा" असं उत्तर आलं तरच गंमत सुरू. उत्तर नाही, तर गंमत नाही. मारोतरावाला तीस वर्षांत उत्तर आलं नाही असं झालं नव्हतं. म्हणजे एकदा झालं होतं, पण तेव्हा त्याला सर्दी होती.

आता नागपूरची राजधानी उचलून भोपाळला नेली आणि नागपूर मुंबई राज्याला जोडलं, त्याला वर्ष उलटलं होतं. साहेब गेले, खुर्च्या गेल्या, पण पाडापाडीचे कागद तेवढे न चुकता मागे राहिले. त्यातला एक कागद तांडापेठेत आला. कोठी पडकी, धोकादायक आणि निरुपयोगी आहे, होळीनंतर पाडून तिथं धान्याचं गोदाम होईल.

मारोतरावानं हिशेब मांडला. कोठी गेली की गंमत गेली, आणि गंमत गेली की तो नुसता एक कोष्टी उरणार, पेठेत पाचशे होते तसला. त्यानं शाळेच्या मास्तराला हाताशी धरून अर्ज लिहवून घेतला, की ह्या वास्तूत अजब विद्या असून शाहिराची कुजबुजही शेवटच्या रांगेत ऐकू येते. 'शाहिराची' हा शब्द मास्तरानं खोडला होता, मारोतरावानं तो पुन्हा घालायला लावला.

अर्ज कुठं कुठं फिरला देव जाणे, पण विद्यापीठातून उत्तर आलं. जुन्या रंगशाळांच्या आवाजाचा अभ्यास करायला तीन शास्त्रांची तीन माणसं येतील. त्यांचा अहवाल चांगला आला तर सरकार कोठी राखेल.

मग मारोतरावानं ते केलं, जे पाहुणे येणार म्हटल्यावर आपल्याकडे कोणीही करील. त्यानं कोठी साफ करायला काढली.

"काढा वं ते सगळं सूत," तो बायांना म्हणाला. "मोठे मोठे प्रोफेसर येऊन राहिले, अन् वरतून लड्या लोंबकळून राहिल्या. काय म्हणतीन ते?"

"ओलं हाय अजून," त्याची बायको वच्छलाबाई म्हणाली. पेठेतल्या निम्म्या सुताला खळ देण्याचं काम तिच्या देखरेखीखाली चालायचं. गमतीतही ती शेवटच्या रांगेतच बसायची, लड्यांना पोरांचे हात लागू नयेत म्हणून.

"असू दे ओलं. घरी नेऊन टाका."

तीनशे लड्या उतरल्या, बांबू निघाले. भिंतींना चुना लागला, फरशी राखेनं घासली गेली. कोठी अशी लख्ख झाली की मारोतरावाला स्वतःचाच अभिमान वाटला.

तिघं आले. मार्तंड पांढरीपांडे भौतिकशास्त्राचे, तरुण, खिशात पिन आणि फुग्यांची पुडी, हातात सेकंद मोजायचं घड्याळ. मनोहरराव बक्षी इतिहासाचे, ते आल्या आल्या काठीनं भिंती ठोकायला लागले, कारण जुने कारागीर आवाजासाठी भिंतीत मडकी पुरायचे असं त्यांचं म्हणणं होतं. आणि संगीताच्या शामलाबाई तंबोरा घेऊन. तीन शास्त्रं एकत्र बसवली की ज्ञान तिप्पट होईल असं वरच्या कोणाला तरी वाटलं असावं. इथं भांडण तेवढं तिप्पट झालं. बक्षींच्या ठोकण्यानं शामलाबाईंचा तंबोरा लागेना, आणि तंबोऱ्यानं पांढरीपांड्यांचं माप बिघडायला लागलं.

शेवटी पांढरीपांड्यांनी सगळ्यांना गप्प बसवून फुगा फोडला.

फट् झालं, आणि तो आवाज जायलाच तयार होईना. भिंतीवरून छतावर, छतावरून फरशीवर, घिरट्या घालत राहिला. पांढरीपांड्यांनी घड्याळ दाबलं. "सहा सेकंद."

"म्हणजे चांगलं का?" मारोतरावानं विचारलं.

"म्हणजे विहीर. तुम्ही गाऊन दाखवा."

मारोतरावानं मिशीवर हात फिरवला आणि ओट्यावर जाऊन रिवाजाप्रमाणे हळू विचारलं, "मागं ऐकून राहिले का?" मागं बक्षी बसले होते. ते म्हणाले, "काय म्हणता?" मारोतरावानं मग आवाज चढवून एक कडवं म्हटलं. पहिली ओळ परत येऊन दुसरीच्या अंगावर पडली, दुसरी तिसरीच्या, आणि चौथी येईपर्यंत तिथं नुसता कालवा उरला. त्याचे त्यालाच शब्द कळेनात. अशी फजिती उभ्या जन्मात झाली नव्हती.

"उद्या एकदा शेवटचं माप घेतो," पांढरीपांडे निघताना म्हणाले. "घड्याळाची चूक असेल तर कळेल. पण फार आशा धरू नका, मारोतराव."

संध्याकाळी मारोतरावाला भाकर गोड लागेना. चुना ओला होता म्हणून, थंडी म्हणून, त्या बाईच्या तंबोऱ्यानं गळा बिघडला म्हणून, अशी तो एकेक कारणं काढत होता.

"सूत काढलं तुमी," वच्छलाबाई म्हणाली.

"सुताचा अन् माह्या गळ्याचा काय संबंध वं?"

"गळ्याचा काहून असंन? कोठीचा हाय. सर्दीची गंमत आठवते? त्या साली बाजारात सूतच नव्हतं. कोठी रिकामी होती."

"मले सर्दी होती."

"तुमाले काही सर्दीफिर्दी नव्हती. मी शेवटी बसून होती. तुमी बोल्ले ते सारं वरतून गडगडत आलं, शबुद एक नाई. तुमी घरी येऊन काढा मागतला म्हणून मी देल्ला."

 बाईमाणसाला त्यातलं काय कळतं, असं म्हणायचं मारोतरावाच्या तोंडावर आलं होतं. पण काढा खरंच कडू होता आणि गळा खरंच दुखत नव्हता, हे त्याला आठवलं.

सकाळी तो पाहुण्यांना घेऊन कोठीत शिरला आणि दारातच थबकला. लड्या जिथल्या तिथं टांगलेल्या. घराघरांत कोंबलेल्या ओल्या सुताची खळ आंबायला लागली, तशी बायांनी कोणाला न विचारता उजाडताच बांबू बांधले होते. वच्छलाबाई शेवटची लडी सारखी करत होती.

"आता उतरवतो, साहेब," मारोतराव ओशाळून म्हणाला.

पांढरीपांडे वर बघत उभे राहिले होते. "हात लावू नका," ते म्हणाले आणि त्यांनी फुगा फोडला. फट् झालं आणि संपलं. घड्याळ दाबायलाही उशीर झाला. त्यांनी दुसरा फोडला, तिसरा फोडला, मग ओट्यावर जाऊन अगदी हळू आपलं नाव सांगितलं. "ऐकलं," मागून बक्षी म्हणाले. पांढरीपांड्यांना हसूच आवरेना.

"कोणी शोधलं हे?"

"शोधाले काय हाय त्याच्यात?" वच्छलाबाई म्हणाली. "वाळाले टांगतो."

पांढरीपांड्यांनी समजावून सांगितलं. उघडी भिंत आवाज परत फेकते, सूत तो पिऊन टाकतं, मग गाणाऱ्याचा पहिला शब्द तेवढा नीट पोचतो. मारोतरावानं सगळं ऐकून घेतलं आणि फक्त एवढंच विचारलं, "मंग माहा गळा?"

"गळा चांगला आहे," पांढरीपांडे म्हणाले. "असे गळे मी बरेच ऐकलेत."

खरं बोलणाऱ्या माणसाचा राग येतो तसा मारोतरावाला आला. तीस वर्षं छाती काढून फिरला, आणि कमाल होती ती बायांनी वाळत घातलेल्या सुताची. ह्याची वाच्यता त्यानं पेठेत कुठं केली नाही.

अहवाल झाला बासष्ट पानांचा. चाळीस पानं बक्षींचे राजे, वीस पानं शामलाबाईंचे सूर, आणि सूत शेवटच्या दोन पानांत, परिशिष्टात. सरकारी खात्यानं पहिलं पान वाचलं आणि कोठी वाचली. पेठेत पेढे वाटले गेले. आठ दिवसांनी दोन माणसं आली, त्यांनी लड्या उतरवून रस्त्यावर ठेवल्या आणि दाराशी पाटी ठोकली. ही ऐतिहासिक वास्तू आहे. हिच्या भिंतींना, छताला अगर खांबांना कोणतीही वस्तू टांगू किंवा वाळवू नये.

मारोतराव पाटी वाचून तडक खात्यात गेला. तिथला साहेब भला माणूस होता, त्यानं खुर्ची दिली.

"साहेब, सूत काढलं तं कोठीत काई ऐकूच येत नाई. प्रोफेसरांनी लिवलं हाय."

"असेल. ते परिशिष्टात असेल."

"मंग वाचा ना जी."

"परिशिष्ट मुंबईला गेलं," साहेब म्हणाला. "आता रविवारी उद्घाटन आहे, पाहुणे येणार. तुम्ही छान गंमत करा."

रविवारी संध्याकाळी कोठीत चाळीस खुर्च्या मांडल्या होत्या, त्यांवर चाळीस पाहुणे. पेठेतल्यांनी बाहेर थांबायचं होतं, कारण फरशी ऐतिहासिक होती. मारोतराव फेटा बांधून ओट्यावर चढला. वर पाहिलं तर पांढरं शुभ्र छत, एक धागा नाही. त्यानं हळू विचारलं, "मागं ऐकून राहिले का?"

शेवटच्या खुर्चीतला पाहुणा शेजाऱ्याशी बोलत होता. त्याचंच बोलणं छताला लागून सगळीकडे पसरलं. मारोतरावानं पुन्हा विचारलं. पहिल्या रांगेतल्या साहेबानं हसून टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवल्या, आणि त्या टाळ्या सहा सेकंद थांबेनात.

डफवाला त्याच्याकडे बघत होता. मागून उत्तर नाही. उत्तर नाही तर गंमत नाही. मारोतरावाला वाटलं, हे सगळं आपणच करून ठेवलं. अर्ज आपण केला, कोठी आपण वाचवली, आणि आता ही वाचलेली कोठी घेऊन काय करायचं? त्याचे डोळे भरून आले. तो ओट्यावरून उतरायलाच निघाला होता.

इतक्यात दार उघडलं आणि वच्छलाबाई आत आली. दोन्ही खांद्यांवर लड्या, डोक्यावर लड्या, काखेत लड्या. तिच्यामागं दुसरी बाई, तिसरी, मग रांगच. शंभरेक बाया तीनशे लड्या घेऊन आल्या. काही भिंतींच्या कडेकडेनं उभ्या राहिल्या, उरलेल्या मागं दाटीवाटीनं बसल्या. बायांमागून पेठही हळूच आत सरकली.

"अहो बाई, पाटी वाचली नाही का?" साहेब उठून म्हणाला.

"वाचून घेतली मास्तराकडून," वच्छलाबाई म्हणाली. "टांगू नका म्हणून लिवलं हाय. कोणं काय टांगलं, साहेब? आमच्या अंगावर हाय."

साहेबानं भिंतीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, खांबांकडे पाहिलं. काहीच टांगलेलं नव्हतं. तो खाली बसला.

मारोतराव पुन्हा ओट्याच्या कडेला आला. कोठी शांत झाली होती, ती जुनी, आपल्या ओळखीची शांतता. नेहमीचं वाक्य त्याच्या ओठावर आलं आणि तिथंच राहिलं. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती आणि चारचौघांत काय, घरातसुद्धा त्यानं बायकोचं नाव घेतलं नव्हतं. ते त्यानं आता घेतलं, कुजबुजून, भरल्या कोठीत.

"वच्छले, गळा नव्हता वं. तुह्यं सूत होतं."

पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत एकेक शब्द लख्ख पोचला. डफवाल्यानं मान खाली घातली. बायांनी तोंडाला पदर लावले.

"मले माईत हाय," मागून तेवढ्याच हळू आवाजात उत्तर आलं. "ऐकून राहिलो आमी. सुरू करा आता, हात दुखून राहिले."