एकोणपन्नास विरुद्ध पन्नास

सिनेटर मार्व्हा ड्रिस्कल यांचं अपेंडिक्स एकावन्न वर्षं गप्प बसलं होतं. बोंब मारायला त्याला नेमका मतदानाचा दिवस सापडला, आणि तोही मतदानाला तीन तास उरलेले असताना.

"मी येतेच," बाई हॉस्पिटलमधून फोनवर कण्हत म्हणाल्या. "टॅक्सीत आडवी पडून येते."

"कुठेही जायचं नाही," मागून नर्सचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

मी त्यांच्या ऑफिसात मतांचा हिशेब ठेवते. माझ्या कागदावर पन्नास विरुद्ध पन्नास असं लिहिलेलं होतं. बरोबरी झाली की निर्णायक मत उपराष्ट्राध्यक्षांचं, आणि ते आमचे. म्हणजे आम्ही जिंकत होतो. आता बरोबरीच होणार नव्हती. एकोणपन्नास विरुद्ध पन्नास. संपलं.

राष्ट्राध्यक्ष आमच्या पक्षाचे, सिनेट विरोधी पक्षाच्या ताब्यात. दोन वर्षं दोघांनी एकमेकांची तोंडं पाहिली नव्हती. यांनी विधेयक पाठवलं की ते गाडायचे, त्यांनी पाठवलं की हे सही नाकारायचे. आता पहिल्यांदाच काहीतरी हललं होतं. राष्ट्राध्यक्षांनी निरोप धाडला होता, "तुमच्या खर्चाच्या विधेयकात शिशाचे पाइप बदलण्याचं कलम घाला, मी सही करतो." त्यांचे नेते म्हणाले, "मी घालणार नाही. पण मतदान अडवणारही नाही. ताकद असेल तर घालून दाखवा." त्यांच्यातले दोघे फुटून आमच्याकडे आले. पन्नास झाले. आणि मग हे अपेंडिक्स.

ते पाइप माझ्या गावचे आहेत. हार्लो फॉल्सला, आईच्या घरी, माझ्या लेकीच्या, विनीच्या, जन्मानंतर मी चार महिने राहिले. पावडरचं दूध नळाच्या पाण्यात कालवायचे, स्वतःच्या हातानं, चमचे मोजून. विनी वर्षाची झाली तेव्हा तिच्या रक्तात शिसं निघालं. डॉक्टर म्हणतात, उतरतंय. उतरत असेल. पण 'बॉल' म्हणणारी मुलगी दोन दिवस 'बॉल' म्हणाली नाही की मी बॉल हातात घेऊन तिच्यामागे फिरते; शिशानं मुलांचं बोलणं मागे पडतं. तिला मी तिथून काढून आणलं. आईच्या शेजारच्या ग्लेंडाकडे गेल्या महिन्यात नवं बाळ आलंय, ते अजून तेच पाणी पितंय.

मी धावत मिसेस ट्विचेलकडे गेले. सभागृहात आमच्या पक्षाचं कामकाज तीस वर्षं त्याच बघतात. आमचा एक नवखा सिनेटर तिथेच उभा होता.

"मी ड्रिस्कलबाईंशी जोडी करतो," तो उत्साहानं म्हणाला. "त्या नाहीत, म्हणून मीही मत देत नाही. जुनी प्रथा आहे ना?"

"वा!" मिसेस ट्विचेल म्हणाल्या. "म्हणजे आपली दोन मतं जाणार. बाळा, जोडी समोरच्याशी करतात. आपला एक गैरहजर, तर त्यांचा एक हजर असूनही मत राखून ठेवतो. तू जा, कॉफी पी."

"त्यांचा कोण राखेल?" मी विचारलं.

"आजकाल? कुणीच नाही. अख्ख्या नोकरीत मोजून दोनदा पाहिलंय." मग त्या चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "ऑरिन बीमनला विचार. फार तर हाकलून देईल."

बीमन अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, गुरांच्या राज्यातले. या कलमाविरुद्ध सर्वांत लांब भाषण त्यांचंच. ते सभागृहालगतच्या त्यांच्या पक्षाच्या खोलीत होते. तिथे आमच्या माणसांनी पाऊल टाकायचं नसतं. असा नियम कुठे लिहिलेला नाही, पण मोडलेला मी पाहिला नाही. मी दारात उभी राहिले. चाळीस मिनिटं. येणारेजाणारे माझ्याकडे अशा नजरेनं बघत होते, जणू मी त्यांच्या घरचं दूध चोरायला आलेय.

शेवटी ते बाहेर आले. मी सगळं एका दमात सांगितलं.

"म्हणजे माझ्या मतावर तुम्ही जिंकायचं?" ते गुरगुरले.

"तुमच्या मतावर नाही, सर. तुमच्या मताशिवाय."

"जीभ तिखट आहे, पोरी. तुमच्या त्या राष्ट्राध्यक्षाचं तोंडसुद्धा मला बघवत नाही."

"त्यांनाही तुमचं बघवत नसणार, सर."

बोलून गेले आणि जीभ चावली. म्हातारा मात्र खो खो हसला. मग एकदम गंभीर झाला.

"शेजारी अंथरुणाला खिळलेला असताना त्याच्या वासरावर आपला डाग मारून ते लाटणारा माणूस आमच्याकडे चर्चमध्ये मागच्या बाकावरसुद्धा बसू शकत नाही. पण जोडी सिनेटर सिनेटरशी करतो, नोकरमाणसाशी नाही. मला तिच्या तोंडून ऐकायचंय."

मी तिथेच फोन लावला. तिकडे नर्सनं उचलला. "पेशंटला आत नेतायत."

"एक मिनिट! देवाशप्पथ, एकच मिनिट! त्यांच्या कानाला लावा!"

चाकांचा खडखडाट ऐकू आला. मग बाईंचा आवाज, "कोण मेलंय?"

"अजून कुणी नाही," स्पीकर लावलेला फोन माझ्या हातातून घेत बीमन म्हणाले. "ऑरिन बोलतोय."

"तू? टीव्हीवर मला उधळी म्हणालास, विसरले नाही मी."

"आहेसच."

"आणि तू चिक्कू."

"बरं. आज इथे असतीस तर मत काय दिलं असतंस?"

"होकार. शंभर वेळा होकार."

"मी नकार. तुझ्यासाठी राखून ठेवतो. बरी होऊन ये, मग भांडू." फोन माझ्या हातात देऊन ते वळूनही न बघता आत गेले.

दोन वाजता उपराष्ट्राध्यक्ष स्वतः अध्यक्षांच्या आसनावर येऊन बसले. मी भिंतीलगतच्या बाकावर, मांडीवर कागद, हातात पेन्सिल. कारकून नावं पुकारू लागला. सिनेटर पुढे येऊन अंगठा वर करत होते किंवा खाली. मी बोटं बघत होते, फक्त बोटं.

"मिस्टर बीमन."

म्हातारा उठला, सावकाश पुढे गेला आणि त्यानं अंगठा खाली केला.

"मिस्टर बीमन, नकार," कारकून म्हणाला.

हा माणूस माझ्यासमोर बोलला होता! तिला भुलीच्या टेबलावर शब्द देऊन आला होता! मी मिसेस ट्विचेलकडे पाहिलं. त्या त्यांच्या टेबलाशी बसून पेपरमिंट सोलत होत्या. सभागृहात ओरडता येत नाही, धावता येत नाही. मी फक्त बसू शकत होते. त्यांचे नेते बीमनशेजारी जाऊन बसले, खांद्यावर हात टाकला, कानात काहीतरी बोलले. बीमननी मान हलवली. होकाराची की नकाराची, कळेना. पुढची पंधरा मिनिटं मी, विनीला किती वेळा ते पाणी पाजलं असेल, याचा गुणाकार करत होते. चुकत होता. परत करत होते.

शेवटचं नाव झालं. एकोणपन्नास, पन्नास. कारकुनानं चिठ्ठी वर आसनाकडे सरकवली.

"अध्यक्ष महाराज!"

बीमन उभे होते.

"मी नकाराचं मत दिलं आहे. त्या बाजूच्या सिनेटर ड्रिस्कल यांच्याशी माझी जोडी आहे. त्या हजर असत्या तर त्यांनी होकार दिला असता. मला मोकळीक असती तर मी नकारच दिला असता, आणि तो नोंदीत राहावा म्हणून आधी दिला. आता मी माझं मत मागे घेतो."

त्यांच्या बाकांवरून दाबलेला हुंकार उठला. "ऑरिन!" कुणीतरी म्हणालं. म्हातारा खाली बसला आणि नाक शिंकरू लागला.

एकोणपन्नास, एकोणपन्नास!

उपराष्ट्राध्यक्षांनी घसा साफ केला. "मतं समसमान आहेत. अध्यक्ष होकाराच्या बाजूनं मत देत आहेत. कलम संमत झालं आहे."

मी कोटाची बाही दातांत धरली. मिसेस ट्विचेल येऊन कुजबुजल्या, "आधी आपलं मत द्यायचं, मग मागे घ्यायचं, अशीच रीत आहे. तुला सांगायचं राहिलं वाटतं."

"राहिलं वाटतं?" मी म्हणाले.

दारातून बाहेर पडले आणि धावले. संगमरवरी जिन्यावर दोन पर्यटक बाजूला झाले. घुमटाखालचा पहारेकरी म्हणाला, "बाई, हळू!" मी आईला फोन लावला.

"झालं! झालं, आई! पाइप निघणार!"

"थांब, नीट सांग. कुणी केलं?"

"त्यांच्यातल्या एकानं मत राखलं. आता खालच्या सभागृहाचं शिक्कामोर्तब, मग सही. सही होणार, शब्द दिलाय."

"त्यांच्यातल्यानं?" आई म्हणाली. "माझ्या मतदानाच्या चाळीस वर्षांत मी त्यांना एकदाही मत दिलं नाही."

"पुढेही देऊ नकोस. त्यालाही तेच बरं वाटेल."

"खणायला कधी येणार?"

"वर्षभर तरी लागेल. तोवर शेजारच्या बाळाला बाटलीबंद पाणीच द्यायला सांग. आई? ऐकतेयस ना?"

फोन ओट्यावर तसाच पडला असावा, कारण जाळीचं दार आपटल्याचा आवाज आला, आणि मग लांबून, अंगणातून, आईची हाक, "ग्लेंडा! अगं ग्लेंडा, बाळाला घेऊन बाहेर ये!"