साळू जेवत नव्हती

उंदीर साळूच्या पाठीवर चढून बसला आणि निवांत मिशा साफ करू लागला. साळूनं जीभसुद्धा बाहेर काढली नाही.

"बघ," गहिनीनाथ म्हणाले, "ह्येला बी आता हिचं भ्या राह्यलं न्हाई."

वत्सला उंबऱ्यातच उभी होती, दहा महिन्यांच्या लेकीला खांद्याशी घट्ट धरून. गहिनीनाथ तिचे सासरे, ती त्यांना मामा म्हणे; दिंद्रुडच्या सोसायटीच्या गोदामाचे राखणदार. गोदामाला लागून दोन खोल्या, त्यात ही तीन माणसं. नवरा बद्रीनाथ पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर. दुष्काळाच्या या दुसऱ्या वर्षात तो आठ-आठ दिवस घराकडे फिरकत नव्हता.

सात वर्षांपूर्वी उंदरांनी रेशनच्या गव्हाची पोती फोडली, तेव्हा गहिनीनाथांनी बांधावरून ही धामण, साळू, धरून आणली होती. मनगटाएवढी जाड, सहा हात लांब. संध्याकाळी पोत्यांत सोडायची, सकाळी धरून खोलीतल्या जाळीच्या खोक्यात ठेवायची. धामणीला विष नसतं हे वत्सलाला ठाऊक होतं. अंबाजोगाईच्या कॉलेजात तिनं प्राणिशास्त्र घेऊन बीएस्सी केलं होतं. तरी रोज सकाळी खोक्याची कडी ती एकदा स्वतः हलवून बघे.

सासूबाई गेल्यापासून मामा माणसांशी कामापुरतं बोलत. साळूशी मात्र भरभरून. "साळे, आज टँकर आलाच न्हाई बघ." "साळूबाई, जोंधळा लई महाग झाला." भिंतीपलीकडून हे ऐकू आलं की वत्सलाच्या मनात येई, एकाच घरात आपण दोघं एकेकटे, आणि बोलणं मात्र खोक्यातल्या जिवाशी.

ज्येष्ठ लागला होता. बावीस दिवस साळूनं काही खाल्लं नव्हतं. दिवसभर ती जाळीला तोंड घासायची. नाकाडावर जखम झाली होती. एरवी रात्री गोदामात ती काय खाते हे कुणी बघत नसे; यंदा ही जखम बघून मामा उंदीर खोक्यातच सोडत होते. मामाही भाकरी चिवडून ताट सारायला लागले होते.

सोसायटीचे सेक्रेटरी बिभीषण दुपारी डोकावले. "काय बे गहिन्या, मेली तर सांग. मीटिंगीत दुखवट्याचा ठराव घेऊ."

"थट्टा करू नको राव. जीव तुटतोय माझा."

"मंग ऐक. दोन अंडी फोड दुधात, रॉकेलचं नरसाळं घाल नरड्यात अन् वत. माझं वासरू आसंच जगलं."

"उद्या सकाळी करतो," गहिनीनाथ म्हणाले.

वत्सलानं भिंतीपलीकडून ते ऐकलं. नरसाळं श्वासनळीत गेलं तर साप तडफडून मरणार. आणि साळूला काहीच झालेलं नव्हतं. शेपटीचं मूळ जाड, शेपूट लांब. हा नर आहे हे तिनं लग्न होऊन आली त्याच महिन्यात ओळखलं होतं. जोड लागायच्या दिवसांत नर अन्न सोडतात, मादी शोधत हिंडतात. दीड-दोन महिन्यांत पुन्हा खायला लागतात. पण डोक्यावरचा पदर सावरत सासऱ्याला हे सांगायचं कसं?

ती शेजारच्या साखराबाईकडे गेली. "काकी, तुम्ही सांगा ना मामांना."

साखराबाईनं तोंडाला पदर लावला. "अगं बया, मी जाऊन सांगू, तुमच्या सापाला बायकू पायजे म्हनून? गाव म्हनंल, साखराबाईला म्हातारपनी काय सुचलं."

"मग काय करू?"

"शिकलेली तू हायेस. तूच सांग."

सकाळी मामांनी नरसाळं राखेनं तीनदा घासलं. वाटीत अंडं-दूध ढवळलं. साळूची मान हलक्या हातानं धरली.

"पोरी, लेकराला निजीव अन् शेपूट तेवढं धर."

वत्सला हलली नाही. तिनं जमिनीकडे बघत विचारलं, "मामा, आपल्याकडं म्हैस होती ती माजावर आली की वैरण सोडायची ना?"

मामांचा हात थांबला.

"आसं हाय व्हय," ते म्हणाले. मग त्यांचा चेहरा उतरला. "मंग नाग यील हिच्या वासानं. घरात लेकरू हाय."

धामणी सगळ्या माद्या आणि त्यांचा नवरा नाग, हे गावात जो तो मानत होता. वत्सलाला मात्र आता थांबता येईना. "नाग येत नाही मामा. धामणींतसुद्धा नर असतात. अन् साळू... साळू बाई नाहीये."

मामांनी साळूकडे वरून खालपर्यंत पाहिलं.

"गडी हाय?"

"हो."

"सात वर्सं गड्याला साळू म्हनतोय मी," ते म्हणाले आणि किती दिवसांनी हसले. "येक डाव तरी फुत्कारायचं की रं." मग नरसाळं बाजूला ठेवून त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "मंग आता काय करू?"

अजून महिनाभर वाट बघा, एवढंच सांगायचं होतं. पलीकडे लेक पालथी होऊन जमिनीवर हात आपटत होती.

"सोडून द्यायला पाहिजे," वत्सला म्हणाली.

त्यांनी वाद घातला नाही. गोणपाटात गुंडाळून साळूला कोरड्या ओढ्यावर नेलं. वत्सला लेकीला घेऊन मागोमाग गेली. गोणपाट उघडताच साळू सरसरत दगडांच्या कपारीत गेली. शेपटीचं टोक दिसेनासं व्हायला चार श्वासही लागले नाहीत. मामांनी गोणपाट झटकलं, चौघडी घातली.

परतताना त्यांनी विचारलं, "ह्ये न खाणं किती दिस चालतं गं?"

तिला खोटं बोलता आलं नाही. "दीड-दोन महिने. मग आपोआप खातात."

मामांनी गोणपाटाची घडी दुसऱ्या काखेत घेतली.

"मला वाटलंच," ते म्हणाले. "आमची म्हैस बी चार दिसांत वैरण खायची की." मग म्हणाले, "लेकरू रांगाया लागलंय. बरं झालं."

अंगणात आल्यावर वत्सला घाईनं म्हणाली, "मामा, हिला घेता का जरा? मी चुलीकडं बघते." लेक जन्मल्यापासून तिनं एकदाही तिला सापाला धरणाऱ्या त्या हातांत दिलं नव्हतं.

मामा दचकले. टँकरच्या पाण्याचा अख्खा तांब्या घेऊन त्यांनी हात धुतले. साबण लावून पुन्हा धुतले. धोतराला कोरडे केले, नाकाशी नेले.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "वास हाय अजून. उद्या घेतो."