वरून तिसरी जागा

सव्वीस वर्षं मी डॉल्फिनची डॉक्टर आहे आणि त्यातली पंचवीस तरी मेलेले डॉल्फिन फाडण्यात गेली. लोक म्हणतात, किती छान काम! म्हणू देत. आमच्या लागुना गावाच्या किनाऱ्यावरून कुणाचा फोन आला की मी आधी विचारते, "श्वास चालू आहे का?" बहुतेक वेळा पलीकडून "नाही" येतं. मग मी रबरी बूट चढवते, सुऱ्या घेते आणि निघते. एखादा शिंगाळा माशांसाठी लावलेल्या जाळ्यात गुदमरलेला असतो, एखाद्याच्या फुप्फुसात पू असतो, एखाद्याच्या कातडीवर ती पांढरट बुरशी, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी फुगलेली. चार गावांचं सांडपाणी ज्या पाण्यात येतं, त्या पाण्यात राहणाऱ्याची कातडी धड कशी राहील? मी अहवाल लिहिते, कुणीतरी तो फायलीला लावतं. पूर्वी राग यायचा. आता नुसता कंटाळा येतो.

म्हणून रेंदा जिवंतपणी माझ्या वाट्याला आली याचंच मला अप्रूप होतं.

रेंदा ही बाबांची डॉल्फिन. तशी कुणाच्याच मालकीची नाही. पण आमच्याकडे खाडीच्या तोंडाशी कोळी रबरी विजारी घालून कंबरभर पाण्यात रांगेने उभे राहतात, हातात पाग, म्हणजे फेकायचं गोल जाळं घेऊन, आणि डॉल्फिन बोई माशांचा थवा त्यांच्याकडे हाकून आणतात. डॉल्फिनने पाण्यावर डोकं आपटलं की पाग फेकायची. काही मासे जाळ्यात येतात, उरलेले बिथरून थेट तिच्या तोंडात जातात. पणज्याच्या पणज्यापासून हे असंच चाललं आहे. आया पिल्लांना शिकवतात, बाप मुलांना. हिच्या पाठीवरच्या पंखाची कड फाटून जाळीदार झालेली, म्हणून काठावर लेस विणत बसणाऱ्या माझ्या आईने तिचं नाव रेंदा ठेवलं, आमच्या भाषेत रेंदा म्हणजे लेस. आई गेली. रेंदा येत राहिली, बाबांसमोर, रांगेच्या वरच्या टोकाकडून तिसऱ्या जागेवर.

गेल्या वर्षी जूनमध्ये बाबांचा फोन आला. "रोझेली, रेंदाच्या अंगात दोरी रुतलीय गं. पिल्लू बरोबर आहे."

जाऊन दुर्बिणीतून पाहिलं. नायलॉनच्या जाळ्याची दोरी, पंखाच्या पुढून छातीखाली गेलेली, बोटभर खोल. कडेचं मांस पांढरं पडलेलं. जाळं कुणाचं ते विचारण्यात अर्थ नव्हता. तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांनी एकदमच दुसरीकडे पाहिलं होतं.

दुपारी बाबांच्या स्वयंपाकघरात बसलो. ते माशाच्या रश्शात कसाव्याच्या कंदाचं पीठ कालवत होते.

"जास्तीत जास्त दोन महिने," मी म्हणाले. "मग तीही जाईल आणि दूध पिणारं पिल्लूही."

"मग काप ना दोरी. डॉक्टरीणबाई ना तू?"

"मोकळ्या पाण्यात ती हाताला लागणार नाही, बाबा. इतक्या उथळात ती येते फक्त तुमच्यासमोर."

त्यांचा चमचा थांबला. "म्हणजे मी तिला बोलवायचं आणि तुम्ही मागून जाळं टाकायचं."

"हो."

"चौतीस वर्षं येते ती माझ्याकडे. एकदाही तिच्या अंगावर पाग पडू दिली नाही मी. तिला कळेल गं, की हा मी होतो."

"ती माणूस ओळखत नाही, बाबा. जागा ओळखते. तिच्या दृष्टीने तुम्ही म्हणजे पाण्यात उभी असलेली एक रबरी विजार."

बाबा हसले. "विजारीच्या आत पोट आहे म्हणावं." मग त्यांनी ताट बाजूला सारलं. "नक्की?"

"नक्की."

मला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नाही. पण आजाऱ्याच्या नातेवाइकांशी बोलताना आपोआप येतो त्या आवाजात मी ते सांगितलं, आणि माझ्या बापाने ते मान्य केलं.

चौथ्या जागेवरचे लिदियोकाका मात्र भडकले. "तू शिकलीस ती याच बोईवर, पोरी. आता ती घाबरून पळाली तर आम्ही काय तुझी इंजेक्शनं तळून खायची?"

"ती मेली तर काय तळाल, काका?"

त्यावर ते थुंकले आणि आपली पाग उचलून निघून गेले.

आमच्या दक्षिण गोलार्धात जून म्हणजे हिवाळा; तीन दिवसांनी सकाळी दक्षिणेचा वारा हाडात शिरत होता. दोन बोटी, विद्यापीठाची आठ माणसं आणि मी. रांगेत कुणीही पाग फेकायची नाही असं ठरलेलं. रेंदा आली. बाबांच्या समोर थवा आणून तिने डोकं आपटलं. बाबा पाग हातात धरून नुसते उभे. तिने पुन्हा आपटलं. बहिऱ्याला हाक मारावी तशी ती आणखी पुढे आली, तिसऱ्यांदा आपटलं, आणि आम्ही मोठं जाळं ओढलं.

तिचं डोकं वर धरणारा आमच्या पथकातला मुलगा चिखलात घसरला. बाबा पाग टाकून पुढे झाले आणि त्यांनीच तिला कवेत धरलं. दोरी कापायला, जखम धुवायला, रक्त काढायला, इंजेक्शन द्यायला एकवीस मिनिटं लागली. तेवढा वेळ तिचा डोळा त्यांच्या तोंडापासून वीतभर अंतरावर होता. जाळ्याबाहेर पिल्लू शिट्ट्या मारत होतं. "झालं गं बाय, झालं," बाबा म्हणत राहिले. मला वाटलं होतं, ते दुसरीकडे बघतील. त्यांनी नजर हलवली नाही.

सोडली तशी ती पिल्लाला घेऊन समुद्राकडे गेली, आणि दिसेनाशी झाली.

बाबा रोज सकाळी जाऊन उभे राहत. दुसरे डॉल्फिन येत, दुसऱ्यांच्या पागा भरत. लिदियोकाका एकदाही "मी सांगितलं होतं" म्हणाले नाहीत. त्यांनी म्हणायला हवं होतं, मला भांडता आलं असतं. मधल्या काळात मी आणखी सहा डॉल्फिन फाडले.

यंदा मेमध्ये बोईचा हंगाम लागला आणि फोन आला. बाबा एवढंच म्हणाले, "आली."

मी पोचले तेव्हा ते तिसऱ्या जागेवर होते. रेंदा पिल्लाला घेऊन आली, थवा हाकत. दुसऱ्या जागेसमोर डोकं आपटलं. पाग पडली, भरली. ती वळली, बाबांच्या समोरून लांबून वळसा घेऊन गेली, आणि लिदियोकाकांसमोर डोकं आपटलं. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदाही.

"लिदियो," बाबा म्हणाले, "जागा बदल."

"कशाला उगाच, ओस्मारिनो? राहू दे ना."

"बदल म्हणतो ना."

दोघांनी जागा बदलल्या. बाबा चौथ्या जागेवर, काका तिसऱ्या. मी काठावर उभी होते आणि मनात म्हणत होते, जागा, जागा, जागा.

रेंदा तिसऱ्या जागेसमोर आली. काकांसमोर डोकं आपटलं. त्यांना पाग वर उचलवेना इतकी ती भरली. मग ती चौथ्या जागेला लांबून वळसा घालून पाचव्याकडे गेली. पिल्लू तिच्या मागे, त्याच वळणाने.

बाबांनी पाग गुंडाळली आणि ते पाण्याबाहेर आले. "मी उभा राहिलो की ती वळसा घेते, तेवढ्यात मधले मासे सुटतात," ते म्हणाले. "जखम कशी आहे? माझी नजर पोचत नाही."

मी दुर्बीण लावली. नुसती एक पांढरी रेघ. "भरलीय. चांगली गुटगुटीत दिसतेय."

"बुरशी?"

"नाही."

"कागदावर काय लिहिशील?"

"उपचार यशस्वी."

"बरोबर आहे."

मला त्यांच्याकडे बघवेना. पुन्हा तीच वेळ आली तर मी पुन्हा त्याच आवाजात "नक्की" म्हणेन, हे मला ठाऊक होतं. त्याचीच जास्त लाज वाटत होती. "बाबा," मी म्हणाले, "मी तुम्हाला सांगितलं होतं की ती माणूस ओळखत नाही."

"सांगितलं होतंस." ते खाली बसून बूट काढू लागले. ओला बूट निघेना, म्हणून मी ओढून काढला. "मला माहीत होतं गं ते खोटं आहे. चौतीस वर्षं ती माझ्याकडे काय विजार बघून येत होती?"

लिदियोकाकांनी गाबोळीने, पोटातल्या अंड्यांनी फुगलेल्या दोन बोई आमच्या पायाशी आणून ठेवल्या. मग ते परत पाण्यात गेले, तिसऱ्या जागेवर.