सिद्धेशचे सात डबे

सयाजी वाबळे चाकणच्या एका कंपनीत फायनल इन्स्पेक्शनला होता. सव्वीस वर्षं त्याने एकच काम केलं. पार्ट हातात घ्यायचा, बोट फिरवायचं, ओरखडा लागला की रिवर्कला पाठवायचा. घरीही तो तसाच. भाजीत मीठ कमी, चादरीला सुरकुती, पोराच्या चित्रातली रेघ वाकडी. घरच्यांचा जीव नुसता मेटाकुटीला यायचा.

त्याचा एकुलता एक मुलगा सिद्धेश मार्चमध्ये तळवड्याच्या रस्त्यावर कंटेनरखाली गेला. चोवीस वर्षांचा होता. मागे राहिले ते टेबलावरचे आगगाडीचे सात डबे, वीतभर लांबीचे, प्लास्टिकच्या शीटमधून कापलेले, निळे. दर रविवारी सिद्धेश तळेगाव स्टेशनावर जाऊन पॅसेंजर गाडीचे फोटो काढायचा आणि आठवडाभर खोलीत कोरत बसायचा. ‘लहान पोरांचे खेळ,’ असं म्हणून सयाजीने एकदाही डबा हातात घेऊन पाहिला नव्हता.

आता घेतला. सिद्धेशचा मित्र निरंजन फोनवर म्हणाला होता, “काका, दिवाळीत चिंचवडला मॉडेलवाल्यांचं प्रदर्शन आहे. त्याचे डबे मांडू या.” सयाजीला भरून आलं. पोराचं नाव चार लोकांत जाणार होतं. त्याने चष्मा लावला, एकेक डबा नीट निरखला आणि त्याला पोराची कीव आली. दाराजवळ पोचा. खिडक्यांखाली गंजासारखे तपकिरी ओघळ. एका पत्र्याचा निळा रंग शेजारच्याशी जुळत नव्हता. घाईत जमलं नसेल बिचाऱ्याला, लोक हसतील, असं त्याच्या मनात आलं.

त्याने आठ दिवसांची रजा टाकली. पॉलिश पेपरने सगळे डबे घासले, पोचे पुट्टीने भरले, ओळखीच्या पेंटरकडून एकाच शेडचा रंग मारून आणला. घासता घासता तो रडायचा, डोळे पुसायचा आणि पुन्हा घासायचा. आयुष्यात इतक्या मायेने त्याने काही केलं नव्हतं. त्याची बायको कौशल्या दारातून बघायची. निदान आता तरी बाप पोराच्या वस्तूला हात लावतोय, एवढंच तिला बरं वाटायचं.

निरंजन डबे न्यायला आला. टेबलावर सातही डबे चकाकत होते. त्याने एक डबा उचलला, दाराजवळ निरखून पाहिलं आणि परत ठेवला.

“का रे, राहिलंय का काही?” सयाजीने विचारलं.

निरंजनने मोबाईल पुढे केला. त्यात खऱ्या गाडीचा फोटो होता. दाराजवळ तोच पोचा, तेच ओघळ, तोच बदललेला पत्रा.

“ते त्याने मुद्दाम केलं होतं, काका. अख्खी गाडी अशीच, जशीच्या तशी. एका ओघळासाठी चार रविवार तळेगावला गेला होता तो. खरे डबे गेल्या वर्षीच भंगारात गेले.”

सयाजी खुर्चीत बसला. “परत करू. फोटो आहेत ना तुझ्याकडं?”

“करता येईल. पण ते आपण केलेलं असेल.”

कौशल्या पुढे आली. तिने पहिला डबा उचलला, दाराजवळ अंगठा फिरवला.

“हितं खोलगट लागायचं,” ती म्हणाली. “रोज पुसताना लागायचं.” मग तिने नवऱ्याकडे पाहिलं. “त्याच्या हातचं आता काहीच न्हाई का हो राहिलं?”

सयाजीने तिच्या हातातून डबा घेतला. मग दुसरा, मग तिसरा. पोराचा एखादा तरी डाग सुटला असेल म्हणून तो अंधार पडेपर्यंत डबे चाचपत राहिला. एकही सुटला नव्हता.