वॉर्डातली फुकटची दुभाषी

बाहेरदेशातून नर्सा आणल्या तेव्हा थोरल्या सिस्टरना बरंच वाटलं होतं. माणसं कमी पडून त्यांच्या कमरेचा पार भुगा झाला होता. आलेल्या पोरी कामाला वाघ. अडचण एकच, पेशंट काय बोलतोय ते त्यांना कळायचं नाही.

मग “सिस्टर, जरा या” सुरू झालं. कुणाच्या पोटात मुरडा येतोय, कुणाला गरगरतंय. थोरल्या सिस्टर आपले पेशंट टाकून सगळीकडे धावायच्या. ड्युटी बदलतानाचं बोलणं मात्र आता ऑफिसच्या भाषेत, म्हणजे इंग्रजीत चालायचं. त्यात पोरी घडाघडा बोलायच्या आणि सिस्टर अडखळायच्या.

पगारवाढीचं विचारायला त्या मेट्रनकडे गेल्या. यंदा वाढ नाही, मेट्रननं सांगितलं. याच कामाला बाहेरून कमी पगारात माणसं मिळतात. मग दिवसभर दुभाष्याचं काम करते त्याचं काय, असं सिस्टरनी विचारलं.

“अहो, ती तुमची घरचीच भाषा. तिचे कसले पैसे?”

सिस्टर तणतणत बाहेर आल्या. त्या दिवसापासून कुणी हाक मारली की त्यांना ऐकूच येईना.

दोनेक दिवसांनी कोपऱ्यातल्या खाटेवरची शिंपीणबाई नव्या नर्सला सांगत होती, हात माझा माझा वाटतच नाही गं. नर्सला ‘हात’ तेवढं कळलं. तिनं सलाईनची सुई तपासली, हाताखाली उशी दिली. पडद्यापलीकडे सिस्टर सगळं ऐकत होत्या. क्षणभर त्या हट्टानं जागच्या हलल्या नाहीत. मग धावल्या. बाईचं तोंड एका बाजूला ओढलं जात होतं. डॉक्टर वेळेत आले, बाई वाचली.

नर्स कपडे बदलायच्या खोलीत रडत बसली होती. सिस्टर आत आल्या तशी मोडकंतोडकं बोलत ती म्हणाली, “मला शिकवा.”

“तुझ्यामुळे आमची पगारवाढ अडलीय, कळतंय का?” सिस्टर फटकन बोलून गेल्या.

तिला ते कळलं. तिनं आपला पगार सांगितला. तो सिस्टरच्या निम्माही नव्हता, आणि त्यातलाही वाटा तिला इथं आणणारा एजंट खायचा. आता रागवायचं तरी कुणावर, हेच सिस्टरना कळेना.

दोघी मिळून मेट्रनकडे गेल्या. भाषेचा वर्ग ड्युटीच्या वेळात घ्या आणि शिकवणारीला पैसे द्या, असं त्यांनी सांगितलं. मेट्रनला वर्गाची कल्पना फार आवडली. ड्युटी संपल्यावर घ्या म्हणाली. पैशांबद्दल चकार शब्द नाही.

सिस्टरनी साफ नकार दिला. घरी नवरा म्हणाला, बरं केलंस, त्या पोरी बोलायला शिकल्या तर तुला विचारणार कोण? बोलणं खोटं नव्हतं. पण शिंपीणबाईचा ओढला गेलेला चेहरा डोळ्यांपुढून हलेना.

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत त्यांनी त्या नर्सला समोर बसवलं आणि दुखणं वेगळं, ठणकणं वेगळं, बधिर होणं वेगळं, असं एकेक सांगायला लागल्या. पोरगी मन लावून त्यांच्या मागून म्हणत होती. सिस्टर चिडूनच शिकवत होत्या. त्यांचा चहा तसाच गार झाला.